सरकारी दवाखान्यातल्या एआयचा लगाम कोणाच्या हातात असावा?

तुम्ही विचारलंय, सरकारी दवाखान्यात एआय आलं तर त्यावर ताबा कोणाचा असावा: दिल्लीचा, बेंगळुरूचा की कंपनीचा? मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर भागात एक्स-रे काढतो. त्यामुळं छातीचा फोटो बघून क्षयाचा संशय सांगणाऱ्या सॉफ्टवेअरपुरतंच बोलतो.

ते सॉफ्टवेअर 'क्षय आहे' असं सांगत नाही, आकडा देतं. समजा शंभरात त्रेसष्ट. कितीच्या वर गेला की बेडका तपासायला पाठवायचा, ती रेष माणूसच ओढतो. रेष वर सरकवली की तपासणीचा खर्च वाचतो, पण काही रोगी निसटतात. खाली आणली की धडधाकट माणसांनाही हेलपाटे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी या सॉफ्टवेअरची शिफारस केली, तेव्हाच ही रेष आपापल्या भागात पडताळून ठरवावी असंही सांगितलं. कारण उघड आहे. ज्याला आधी क्षय होऊन गेलाय त्याच्या फुप्फुसावर जुने व्रण असतात, आणि तिथं यंत्र फसतं. अशी माणसं आमच्याकडं काही कमी नाहीत.

म्हणून माझ्या मते लगाम जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याच्या हातात हवा. आणि यंत्रानं 'ठीक' म्हटलेल्यांपैकी थोड्यांचा बेडका दर तिमाहीला मुद्दाम तपासायला हवा. यंत्रानं पकडलेलेच तपासत राहिलात तर निसटलेला कधी दिसणारच नाही, आणि कागदावर सगळं छान दिसेल.

नियम आहेत तसे. असं सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतं. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, एआयबद्दलची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, वाचण्यासारखी, पण तो सल्ला, कायदा नव्हे. मला जास्त काळजी कराराची. कंपनीनं रात्रीत अपडेट टाकलं की त्याच फोटोला सकाळी वेगळा आकडा येऊ शकतो. आधी कळवल्याशिवाय आणि इथं पुन्हा पडताळल्याशिवाय अपडेट नाही, ही ओळ करारात नसेल तर बाकीची पानं कशाला?

आता भाषा. संमतीपत्र कन्नड-इंग्रजीत असलं की आमच्या डोंगराकडची आजी अंगठा उठवते आणि मग विचारते, "बाळा, फोटो कुठं जाणार?" १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्य असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे सीमाभागात शाळकरी पोरालाही पाठ आहे. मग तिचा फोटो कोणाच्या सर्व्हरवर जाणार हे तिला मराठीत का सांगू नये? (यात राजकारण शोधू नका, घरात आम्ही कन्नडही बोलतो.)

पेशंट म्हणून गेलात तर फोटो डॉक्टरांनी स्वतः बघितला का, एवढं विचारा. आकडा कमी आला तरी खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर बेडका तपासून घ्याच. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते.