मुलीला ऑपरेशनचं आधी सांगायचं का?

तुम्ही लिहिलंय की 5 वर्षांच्या मुलीचं पुढच्या आठवड्यात टॉन्सिलचं ऑपरेशन आहे आणि घरचे म्हणतायत, फिरायला जातोय सांगून घेऊन जा. ताई, प्लीज असं करू नका.

आम्ही इंदूरला हेच केलं होतं. मुलगा 6 वर्षांचा, हर्नियाचं ऑपरेशन, सासूबाई म्हणाल्या कशाला आधीपासून घाबरवायचं, म्हणून छप्पनला, म्हणजे तिथल्या छप्पन दुकान खाऊगल्लीत, पोहे-जलेबी खायला जातोय असं सांगून निघालो, बरं रात्रीपासून तो उपाशी. गाडी छप्पनकडे वळली नाही तेव्हाच त्याने माझी ओढणी मुठीत धरली ती सलाइनची सुई लागेपर्यंत सोडली नाही. नंतर कितीतरी महिने रिक्षात बसलं की विचारायचा, "आई, खरंच तिथेच जातोय ना?" ते अजून आठवलं की पोटात तुटतं.

दोन वर्षांनी त्याचंही टॉन्सिलचं निघालं तेव्हा दोन दिवस आधी सगळं सांगितलं. टेडीला मास्क लावून खेळलो. "दुखेल का?" विचारलं तर म्हटलं हो, झोपेतून उठल्यावर घसा दुखेल, पण औषध देऊ आणि मी तिथेच असेन. रडला थोडा, पण चालत आत गेला.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटा. जेवण साधारण 6 तास आधी बंद करतात पण साधं पाणी बऱ्याचदा 2 तास आधीपर्यंत चालतं, तेव्हा रात्रीपासून कोरडं ठेवायची गरज आहे का ते विचारा. हात बधिर करायचं क्रीम मिळतं, ते सुईच्या तासभर आधी लावावं लागतं, ऐनवेळी मागून उपयोग नाही. भुलीतून उठताना मुलं कधीकधी खूप रडतात, आईलाही ओळखत नाहीत, साधारण अर्ध्या तासात शांत होतात, तेव्हा घाबरू नका.

घरी आल्यावर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तसं घड्याळ लावून द्या, रडायची वाट बघू नका, कारण दुखणं एकदा चढलं की पोर पाणीसुद्धा गिळत नाही. टॉन्सिलचं दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी परत वाढू शकतं, कानही दुखतो. ॲस्पिरिन अजिबात नको. आणि तोंडातून लाल रक्त आलं तर रात्र असो की पहाट, सरळ हॉस्पिटल गाठा.

मुलीला भुलीची झोप लागेपर्यंत तुम्हाला आत थांबू देतील का हे मात्र आजच फोन करून विचारा.