बोर्डाच्या परीक्षेची तयारी: सुरुवातीला एवढंच करा

आधी अभ्यासक्रम आणि गुणविभागणी छापून घ्या. ती न बघता पहिल्या धड्यापासून रेटत गेलं की शेवटचे धडे कच्चे राहतात.

मग जुनी प्रश्नपत्रिका. बहुतेक जण ती शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवतात. तुम्ही एक आत्ताच सोडवा, कमी गुण पडले तरी चालतील. घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पेपर ३ तासांचा आणि ८० गुणांचा असेल तर तपासायची १५ मिनिटं सोडून गुणामागे जेमतेम २ मिनिटं मिळतात. ४ गुणांच्या उत्तरावर पंधरा मिनिटं घालवली की शेवटचा प्रश्न हातचा गेलाच.

तपासताना प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा:
- येतच नव्हतं
- प्रश्न नीट वाचला नाही
- वेळ पुरला नाही

दुसरं कारण जास्त वेळा आलं तर पाठांतर वाढवून काही होणार नाही. ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ अशा शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.

नुसतं हायलायटर फिरवणं म्हणजे अभ्यास नव्हे (पान मात्र छान रंगतं). पुस्तक मिटून लिहून बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग आठवड्याने. तीन-तीन गाईड नकोत, पाठ्यपुस्तक आणि एक पुरे. टॉपरांची वेळापत्रकं वगैरे नंतर बघू.