मंद वाऱ्यात शिडाला मोकळं सोडा

प्रश्न: आम्ही तिघं-चौघं मुंबई बंदरात जे-२४ ही शिडाची शर्यती बोट चालवतो. हिवाळ्यात सकाळच्या शर्यतीत वारा चार-पाच नॉटच असतो. वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेला जाताना, मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) घट्ट ओढून बूम (शिडाखालचा आडवा दांडा) मधोमध ठेवतो, शीड छान ताणलेलं दिसतं, तरी शेजारच्या सारख्याच बोटी पुढे जातात. आमच्या सुकाणूत तर जीवच नसतो. काय चुकतंय?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: मेनशीट घट्ट आहे, तिथेच सगळी गती जाते. बूम मधोमध आल्यावर ती दोरी ओढत राहिलात की बूम खाली दाबला जातो आणि शिडाची मागची कड, म्हणजे लीच, ताठ होऊन आत वळते. पंधरा नॉटचा वारा असं वळण निभावतो. चार नॉटच्या वाऱ्यात तेवढा जोर नसतो. तो अर्ध्या वाटेतच कापडापासून सुटतो. अशा वेळी ताणलेल्या, देखण्या शिडावर मुळीच विश्वास ठेवू नका.

पाण्यालगतचा वारा घर्षणाने मंदावतो, डोलकाठीच्या टोकाशी तो जास्त असतो. बोटीची चाल मात्र वर-खाली सारखीच. त्यामुळे शेंड्याला वारा जरा जास्त बाजूने लागतो आणि शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा उघडा असावा लागतो. शिडाला हा पीळ हवाच.

तो पाहायला बूमखाली वाकून सरळ वर बघा. सगळ्यात वरच्या बॅटनचं, म्हणजे शिडात घातलेल्या ताठ पट्टीचं, मागचं टोक बूमच्या रेषेपेक्षा थोडं बाहेर, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला झुकलेलं हवं. लीचवर वरच्या बॅटनपाशी लावलेली फीत, टेलटेल, सतत मागे उडत राहिली पाहिजे. ती शिडाआड जाऊन दडली की मेनशीट दोन-तीन बोटं सोडा आणि थांबा. मंद वाऱ्यात शिडाला उत्तर द्यायला वेळ लागतो. लगेच पुन्हा दोरीला हात घालू नका.

मेनशीट सोडली की बूम बाहेर जाणार. म्हणून ट्रॅव्हलर, म्हणजे मेनशीट आडवी सरकवणारी गाडी, वाऱ्याच्या बाजूला (वारा येतो तिकडे), मधल्या रेषेच्याही वर ओढून घ्या. बूम मधोमध राहतो आणि लीच मोकळी राहते. व्हँग (बूम खाली ओढणारी दोरी) पूर्ण ढिला, कनिंगहॅमही (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) सोडलेला. हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवणारी दोरी, इतकाच ताणा की डोलकाठीलगत बारीक आडव्या सुरकुत्या दिसतील. त्या पुसायचा मोह आवरा. आउटहॉल (शिडाची खालची कड बूमवर मागे ताणणारी दोरी) सोडून शिडाला मोठं पोट द्यावंसं वाटतं, पण ते सहा-सात नॉटपासून. त्याखाली पोट बेताचंच बरं, कारण खोल वळणावरून मंद वारा निसटतो.

आता सुकाणू. सगळे वाऱ्याच्या बाजूला बसत असाल, तर दोघांना पलीकडे आणि पुढे पाठवा. बोट जराशी कलली की शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं, पाण्याला घासणारा तळ कमी होतो आणि टिलरला, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला, हलकी ओढ लागते. तुम्हाला हवा तो जीव हाच. मग कुणी हलायचं नाही. एकजण धपकन उठला तरी वरची फीत गळते. टॅक केल्यावर, म्हणजे नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवल्यावर, ते लगेच वाऱ्यात घुसवू नका. आधी थोडं खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, जाऊन वेग घ्या, मग वेग येईल तशी मेनशीट आत घ्या. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींच्या लाटा येतात तेव्हाही हेच: लाट पोचण्याआधी शीट किंचित सोडा, नाक थोडं खाली घ्या.

सकाळचा मतलई वारा पडून खारा वारा सुरू होतो, तेव्हा वायव्येकडून पाण्यावर काळपट पट्टे सरकताना दिसतात. पट्टा बोटीपर्यंत येऊन वारा आठ नॉटवर स्थिरावला, की शीट ओढून वरचा बॅटन बूमला समांतर करा, ट्रॅव्हलर मधोमध आणा आणि पलीकडे बसलेल्यांना वाऱ्याच्या बाजूला बोलवा.