'नेक टू नेक' की 'नेक अँड नेक'?

परभणीच्या एका वाचकाचा प्रश्न: निवडणुकीच्या बातम्यांत 'नेक टू नेक फाइट' सतत कानावर येतं. ते बरोबर आहे का? आणि चुरशीच्या लढतीसाठी इंग्रजीत जे बाकीचे शब्द आहेत, ते एकमेकांच्या जागी चालतात का?

प्रमाण रूप 'नेक अँड नेक'. 'टू' आपल्याकडे इतका रुळलाय की बोलताना कुणी अडवत नाही. पेपरात किंवा इंग्रजी बातमीत मात्र टाळावा. शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. तिथे अंतर घोड्याच्याच अंगानं मोजतात: नाक, डोकं, मान, मग पूर्ण लांबी. दोघांच्या माना बरोबरीनं पळतायत, ते नेक अँड नेक. पण 'वन बाय अ नेक' म्हटलं की एक जण मानेएवढ्या फरकानं जिंकून मोकळा झालेला असतो.

खरी गफलत पुढेच आहे. नेक अँड नेक हे शर्यत चालू असतानाचं वर्णन आहे, निकालाचं नाही. मतमोजणीच्या फेऱ्या सुरू असताना 'द टू कँडिडेट्स आर नेक अँड नेक' ठीक. 'ही वन नेक अँड नेक' (तो नेक अँड नेक जिंकला) चूक. बीडमध्ये २०२४ च्या लोकसभेला बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले. निकालानंतर त्याला 'नॅरो विन' किंवा 'वन बाय अ नॅरो मार्जिन' म्हणायचं. 'स्मॉल विन' नाही. त्याच वर्षीच्या नांदेड पोटनिवडणुकीतला १,४५७ मतांचा फरक तर 'वेफर-थिन मार्जिन'मध्ये बसतो. निकालाचा अंदाजच येत नसेल तर 'टू क्लोज टू कॉल'.

इथं 'क्लोज कॉल'शी घोळ होतो. 'क्लोज कॉल' म्हणजे थोडक्यात बचावणं, एसटीखाली येता येता वाचणं. लढत चुरशीची असेल तर 'क्लोज कॉन्टेस्ट' लिहा.

'डेड हीट' आणि 'फोटो फिनिश'ही एक नव्हेत. हीट म्हणजे शर्यतीची एक फेरी. दोघं एकदम पोचले तर ती फेरी 'डेड', म्हणजे धरायची नाही. त्यावरून डेड हीट म्हणजे तंतोतंत बरोबरी. (मतचाचण्यांत हा शब्द जवळजवळ बरोबरीलाही सैल वापरतात.) फोटो फिनिशमध्ये फोटो बघून विजेता ठरू शकतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटरला नोहा लाइल्स ९.७८४ सेकंद आणि किशेन थॉम्पसन ९.७८९. फोटो फिनिश होती, डेड हीट नव्हती. कुस्ती बरोबरीत सुटली तर यातलं काहीच लागू नाही. तिथे साधा 'ड्रॉ'.

'डाउन टु द वायर' मधली वायर म्हणजे अमेरिकी रेसकोर्सवर अंतिम रेषेच्या वर ताणलेली तार. लढत शेवटच्या क्षणापर्यंत गेली, एवढाच अर्थ. क्रियापद 'वेंट' किंवा 'केम' लावा. 'निप अँड टक' चालतं, पण हल्ली ऐकणाऱ्याला आधी चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी आठवते, म्हणून मी तरी सुचवणार नाही.

उरले विशेषणांचे जोड. फरक किती, हे 'क्लोज' आणि 'टाइट' सांगतात: क्लोज फिनिश, टाइट रेस. 'फिअर्स', 'स्टिफ', 'कटथ्रोट' जोर सांगतात, फरक नाही. लातूरच्या क्लासेसमधली नीटची चढाओढ 'कटथ्रोट कॉम्पिटिशन' म्हणता येईल, तिला 'टाइट कॉम्पिटिशन' म्हणणं कानाला खटकतं. 'स्टिफ'ला समोर कुणीतरी लागतो: 'शी फेस्ड स्टिफ कॉम्पिटिशन'. 'क्लोजली कॉन्टेस्टेड' जागा घासून लढलेली, तर 'हॉटली कॉन्टेस्टेड' जागेवर धुरळा भरपूर उडालेला असतो, फरक पन्नास हजारांचाही असू शकतो. मराठीत 'अटीतटीची' म्हटलं की दोन्ही अर्थ येतात, म्हणून भाषांतर करताना आधी मतांचा आकडा बघा, मग शब्द निवडा. आणि 'हेड-टू-हेड'चा चुरशीशी संबंध नाही, ती फक्त दोघांतली थेट लढत. एकतर्फी झाली तरी हेड-टू-हेडच.