माइल्सचं तिकीट बदलायचंय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या खात्यात साठलेल्या पॉइंट्सवर, तिकीट कसं काढायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच सुरातली आहेत, की काढलं तर खरं, पण आता तारीख बदलायचीय किंवा जायचंच रद्द झालंय, किती कापतील? म्हणून ह्या वेळी फक्त तेवढंच.

प्रश्न : नमस्कार काका. मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने त्याच्या युनायटेडच्या माइल्सवर आम्हा दोघांचं जायचं तिकीट काढून दिलंय. सुनेच्या बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी अलीकडे आणली, त्यामुळे आम्हाला पंधरा दिवस आधी निघायचंय. शेजारचे सांगतात माणशी सव्वाशे डॉलर बसतील, मुलगा म्हणतो आई काही लागत नाही. नक्की कोणाचं ऐकायचं? – होऊ घातलेली आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आजीबाई, आधी अभिनंदन! मुलाचं ऐका. शेजाऱ्यांनी सांगितलं तेही एकेकाळी खरंच होतं. माइल्स परत खात्यात टाकायचे युनायटेड साध्या मेंबरकडून सव्वाशे डॉलरपर्यंत घ्यायची, अमेरिकन एअरलाइन्स पहिल्या तिकिटाचे दीडशे आणि त्याच खात्यातल्या पुढच्या प्रत्येकाचे पंचवीस घ्यायची. मग कोविड आला, विमानं रिकामी उडायला लागली, आणि ३० ऑगस्ट २०२० ला युनायटेडने बदलायची फी काढून टाकल्याचं जाहीर केलं, दुसऱ्याच दिवशी डेल्टा आणि अमेरिकन त्याच वाटेने गेल्या. युनायटेडच्या माइल्सच्या तिकिटाला सुरुवातीला अट होती की ३० दिवस आधी रद्द केलं तरच फुकट, पुढे तीही गेली.

पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं समजू नका, इथेच लोक फसतात. नवीन तारखेला त्याच सीटला जास्त माइल्स लागत असतील तर तो फरक भरावाच लागतो, आणि युनायटेडने २०१९ च्या नोव्हेंबरात माइल्सचा ठरलेला तक्ताच बंद केलाय, म्हणजे एका दिवशी एक भाव आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. त्यातून तुमचं विमान युनायटेडचं नसून एअर इंडियाचं किंवा लुफ्थान्साचं असेल (ह्या तिघी स्टार अलायन्स नावाच्या कंपन्यांच्या गटात आहेत, एअर इंडिया २०१४ च्या जुलैपासून) तर त्या कंपन्या माइल्सवाल्यांसाठी मोजक्याच सीटा सोडतात, नवीन तारखेला ती सीट असेलच असं नाही. म्हणून मुलाला सांगा, आधी नवीन तारखेची सीट शोध, ती दिसली की मगच जुन्याला हात लाव. उलट केलं तर हातचं जातं आणि पुढचं मिळत नाही. त्याच्या खात्यात जास्तीचे माइल्स पडून असतील तर आणखीच सोपं, नवं तिकीट आधी काढायचं आणि जुनं मग रद्द करायचं.

आणि हे सगळं त्यालाच करू द्या. माइल्स त्याचे, म्हणून परत जातील ते त्याच्याच खात्यात, आणि टॅक्सचे पैसे ज्या कार्डाने भरले त्या कार्डावर. तुम्ही इथून कस्टमर केअरला फोन लावून बसलात तर ते खातेदाराला बोलवा म्हणतील, आणि त्या वेळी तिकडे मध्यरात्र असेल.

सगळ्याच अमेरिकन कंपन्यांची सगळी तिकिटं अशी सुटी आहेत असंही नाही. डेल्टाचं सगळ्यात स्वस्त बेसिक प्रकारातलं माइल्सचं तिकीट बदलता येत नाही, रद्द केलं तर माइल्समधूनच चार्ज कापून घेतात. काही ठिकाणी प्रवास कोणत्या देशातून सुरू होतो ह्यावरही अटी फिरतात. तुमचा प्रवास इंदूरहून सुरू होतोय, न्यू जर्सीहून नाही, तेव्हा तिकडच्या मित्राचा अनुभव इकडे जसाच्या तसा लागू पडेल हे धरून चालू नका.

प्रश्न : काका, क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर ह्या माइल्सच्या प्रोग्राममध्ये पाठवून चौघांची तिकिटं काढली होती. आता मुलाची परीक्षा मध्ये आली. तिकिटं रद्द केली तर पॉइंट्स परत बँकेत येतील का? आणि किती कापतील? – एक त्रासलेले वडील, पलासिया, इंदूर

उत्तर : बँकेत नाही येणार. बँकेतून एअरलाइनकडे पॉइंट्स पाठवणं म्हणजे गिरणीत दळण टाकणं आहे, पीठ घरी न्या नाहीतर डब्यात ठेवा, गहू परत मिळत नाहीत. ते आता क्रिसफ्लायरचे माइल्स झालेत आणि रद्द केल्यावर तिथेच परत पडतील. म्हणून मी नेहमी सांगतो की आधी एअरलाइनच्या साइटवर सीट डोळ्यांनी बघा, मगच ट्रान्सफरचं बटण दाबा, बँकेने बोनसची ऑफर दिली म्हणून नुसतेच पाठवून ठेवू नका.

आता कापण्याचं. क्रिसफ्लायरमध्ये मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवा, सेव्हर आणि अ‍ॅडव्हान्टेज. सेव्हरला माइल्स कमी लागतात म्हणून सगळे तेच काढतात, पण मोडायला, म्हणजे रद्द करायला, तेच महाग, गेली काही वर्षं माणशी ७५ डॉलर आहे. तारीख बदलायला मात्र २५ डॉलर. चौघांचे मिळून रद्द करायला ३०० आणि बदलायला १००, फरक बघा! म्हणजे परीक्षा संपल्यावर जायचा विचार असेल आणि त्या तारखांना सेव्हरच्याच सीटा मिळत असतील तर तारीख बदला. सेव्हर नसेल आणि अ‍ॅडव्हान्टेजवर जावं लागत असेल तर जास्तीचे माइल्स लागतील, तेवढे खात्यात आहेत का ते आधी बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये पण तीच सगळ्यात महाग पडू शकते. क्रिसफ्लायरचे माइल्स साधारण तीन वर्षांनी संपतात, आणि तिकीट काढलेलं असताना ती मुदत उलटून गेली तर रद्द केल्यावर ते माइल्स परत येतच नाहीत. फी भरायची आणि हातात काहीच नाही. तुम्ही अलीकडेच पाठवले असतील तर चिंता नाही, पण जुने माइल्स मिसळलेले असतील तर आज रात्रीच लॉगिन करून एक्स्पायरीची तारीख बघा. मुदत गेलेली असेल तर रद्द करण्यापेक्षा तारीख बदलणं बरं, पण तेही करण्याआधी कस्टमर केअरकडून लेखी उत्तर घ्या की जुन्या माइल्सचं काय होणार.

प्रश्न : माइल्सचंच तिकीट होतं, फुकटचं, म्हणून रद्द करायच्या भानगडीत पडलो नाही, गेलोच नाही. काही बिघडलं का? – रामबागेतून एक जण

उत्तर : बिघडलं. न सांगता गेला नाहीत की तो नो-शो होतो आणि बऱ्याच प्रोग्राममध्ये नो-शो म्हणजे एकतर माइल्स पूर्ण बुडतात किंवा साध्या रद्दपेक्षा कितीतरी जास्त दंड बसतो. परतीचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये असेल तर तेही आपोआप रद्द होतं, हे तर अनेकांना विमानतळावर गेल्यावरच कळतं. विमान सुटायच्या आत मोबाइलवरून दोन मिनिटांत रद्द केलं असतं तरी बरंचसं वाचलं असतं. काही कंपन्यांना त्याहून आधी सांगावं लागतं, ब्रिटिश एअरवेजला २४ तास आधी.

पण सगळं गेलं म्हणून गप्प बसू नका. तिकिटावर तुम्ही रोख भरलेले टॅक्स होते ना? डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियम आहे की प्रवासी आलाच नाही तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाची यूजर फी वगैरे परत द्यायची, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. भारतीय कंपनीचं तिकीट असेल तर तेवढ्यासाठी मेल टाका. रक्कम छोटी असेल, पण ती तुमची आहे.

प्रश्न : फी कमी कुठे असते ते एकदा सांगून टाका ना. दर वेळी साइट उघडून किती वाचायचं! – दोन मैत्रिणी, स्नेहलतागंज

उत्तर : वाचावं तर लागेलच, पण दोन उदाहरणं देतो म्हणजे काय शोधायचं ते कळेल.

एअर फ्रान्स-केएलएमचा माइल्सचा प्रोग्राम फ्लाइंग ब्लू रद्द करायला एका तिकिटाला ७० युरो घेतो. माइल्स स्वस्तात मिळाले तरी मोडायला महाग, तेव्हा तारखा पक्क्या असतील तरच तिकडे जा. ब्रिटिश एअरवेजचा हिशोब मात्र मजेशीर आहे. त्यांची रद्द करायची फी ब्रिटनमध्ये माणशी ३५ पौंड, पण तुम्ही भरलेले टॅक्स त्याहून कमी असतील तर तेवढेच कापतात, वर काही मागत नाहीत. म्हणजे एखाद्या छोट्या फ्लाइटवर पाच पौंड टॅक्स भरला असेल तर रद्द केल्यावर पाचच पौंड गेले आणि एव्हिओस (त्यांचे माइल्स) सगळे परत. चार्जेसचं पान वाचताना नुसता आकडा बघू नका, त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘किंवा जे कमी असेल ते’ असं काही आहे का ते बघा.

तारखा डळमळीत असतील तर मी फीकडे आधी बघतो आणि माइल्सकडे नंतर, हे माझं मत, कोणाला पटेल कोणाला नाही. आणि नेटवर अजून विस्ताराच्या माइल्सचे चार्जेस सांगणारी पानं सापडतात, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ लाच एअर इंडियात मिसळली, आणि एअर इंडियाच्या फ्लाइंग रिटर्न्स ह्या माइल्सच्या प्रोग्रामचं नावही आता महाराजा क्लब झालंय, तेव्हा असली पानं वाचून बजेट करू नका.

नुकतंच तिकीट काढलं आणि तासाभरात घरच्यांनी बेत बदलला, असं झालं तर चोवीस तासांची सोय लक्षात ठेवा. आपल्याकडे एअरलाइनच्या साइटवरून थेट काढलेलं आणि निघायला सात किंवा जास्त दिवस असलेलं तिकीट २४ तासांत फुकट रद्द करायची मुभा २०१९ च्या प्रवासी सनदेत आली, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ४८ तास करायचा मसुदाही डीजीसीएने काढला, तेव्हा आताची मुदत आणि अट तिकीट काढताना बघून घ्या. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या फ्लाइटला तिथल्या सरकारचाही असाच २४ तासांचा नियम आहे, अट तीच, सात दिवस.

प्रश्न : इंदूर-दिल्ली एका कंपनीचं पैशाचं तिकीट आणि दिल्लीहून पुढे दुसऱ्याच कंपनीचं माइल्सचं, असं डिसेंबरात काढलं होतं. धुक्यात पहिलं विमान पाच तास लेट, पुढचं गेलं. दोन्ही कंपन्या हात वर करून मोकळ्या. वर त्या माइल्सवाल्यांनी पुढच्या महिन्यातल्या परतीच्या फ्लाइटची वेळ बदलल्याचा मेल पाठवलाय. तक्रार कुठे करायची? – एक वाचक, विजयनगर

उत्तर : पहिल्या भागात तुमची बाजू कच्ची आहे. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे व्यवहार, दुसऱ्या कंपनीच्या नजरेत तुम्ही नुसते आला नाहीत. इंदूरच्या माणसाला हा प्रश्न कायमचाच आहे, लांबच्या फ्लाइटसाठी बहुतेक वेळा दिल्ली किंवा मुंबई गाठावीच लागते. जमेल तेव्हा इंदूरपासूनच एका तिकिटावर माइल्स लावून बघा, काही वेळा थोडेसेच जास्त लागतात, मग पहिलं विमान लेट झालं तर पुढचं बघणं त्यांच्या गळ्यात. नाहीच जमलं तर डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला आदल्या दिवशी पोचा किंवा मुंबईमार्गे जा, धुकं तिकडे एवढा त्रास देत नाही. आणि पहिलं विमान लेट आहे हे कळताक्षणी, इंदूरच्या विमानतळावर बसल्या बसल्याच पुढचं माइल्सचं तिकीट रद्द करा किंवा बदला, ते विमान अजून जमिनीवर आहे तोवरच. दिल्लीला पोचून काउंटरवर भांडण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या भागात मात्र तुम्ही वरचढ आहात. परतीचं बुकिंग वेगळं असेल किंवा अजून जिवंत असेल तर (आधी हेच तपासा, नो-शोमुळे तेही उडालेलं असू शकतं) वेळ कंपनीने बदललीय, तुम्ही नाही. बदल मोठा असेल तर सगळे माइल्स आणि टॅक्स कुठलीही फी न कापता मागता येतात किंवा सोयीची दुसरी फ्लाइट मागता येते. अमेरिकेच्या फ्लाइट्सना तर हे आकड्यात लिहिलेलंय, देशांतर्गत तीन तास आणि आंतरराष्ट्रीय सहा तासांहून जास्त फरक पडला आणि तुम्ही ती फ्लाइट नाकारलीत तर पैसे परत, ऑक्टोबर २०२४ पासून. मेलमधलं ‘अ‍ॅक्सेप्ट’ बटण घाईत दाबू नका, दाबलं की तुम्ही नवीन वेळ मान्य केली असं धरतात.

फोन कोणाला करायचा हा घोळ नेहमी होतो, कारण विमान एकाचं आणि माइल्स दुसऱ्याचे. ई-तिकिटावर तेरा आकडी नंबर असतो, त्याचे पहिले तीन आकडे बघा. ०९८ म्हणजे एअर इंडिया, ६१८ सिंगापूर, ०१६ युनायटेड, २२० लुफ्थान्सा, १२५ ब्रिटिश एअरवेज, १७६ एमिरेट्स. ज्याचे आकडे त्याने तिकीट दिलंय, बदलायचं कामही त्याचंच, विमान कोणाचंही असो. विमानवाल्यांना फोन केलात तर ते तिकडे पाठवतील आणि तिकडचे परत इकडे, तेव्हा आधीच सांगून टाका की तिकीट तुमच्या स्टॉकवर, म्हणजे तुमच्या आकड्यांच्या नंबरावर निघालंय. ते मानले नाहीत आणि कंपनी भारतीय असेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, तिकीट नंबर, पीएनआर आणि वेळ बदलल्याचा तो मेल जोडून.