वाचकांचे प्रश्न : मलाक्का बंद केली की चीन वठणीवर येईल का?

प्रश्न : गलवानपासून एकच ऐकतोय, चीनने लडाखमध्ये परत आगळीक केली तर आपल्या नेव्हीने मलाक्काची सामुद्रधुनी बंद करायची, तेल थांबलं की चीन गुमान मागे फिरेल. हे खरंच जमेल का? आणि जमत नसेल तर अंदमान-निकोबारवर एवढा खर्च कशाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : मलेशिया आणि सुमात्रा यांच्यामधली ही चिंचोळी वाट अडली तर तेल तुटेल, ही धास्ती चीनला आहे हे खरंय, अध्यक्ष हू जिंताओंच्या काळात २००३ पासून तिकडे हीच चिंता बोलली जातेय. पण सामुद्रधुनी 'बंद करायची' म्हणजे नक्की काय करायचं ते बघा. एक टँकर डोळ्यासमोर आणा. मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा, खलाशी फिलिपिनो आणि त्यात दोन-चार आपले कोकणातले, पोटात आखातातलं तेल, कागदावर बंदर सिंगापूर. आता हे तेल चीनला जाणार का जपानला, सांगा. बरं, माल भर समुद्रात असतानाच विकला जातो आणि बंदर बदलतं, म्हणजे कागद बघूनही उपयोग नाही. समजा मार्कोस म्हणजे नेव्हीचे कमांडो उतरवून जहाज ताब्यात घेतलं, न्यायचं कुठे? रोज अशी किती अडवायची? जपान, कोरियाचं तेलही तिथूनच जातं, आपलाही पूर्वेकडचा व्यापार तिथूनच, आणि किनारा इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूरचा आहे, त्यांना दुखवून आपलं भागणार नाही.

त्यातून मलाक्का अडली तर सुंदा आणि लोंबोक या इंडोनेशियातल्या दुसऱ्या सामुद्रधुन्या आहेत, फेरा पडेल, भाडं वाढेल, पण जहाजं पोचतील. चीनकडे तेलाचे मोठे साठे आहेत, रशिया आणि कझाकस्तानातून पाइपलाइनी आहेत. आणि माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. १९६२ चं युद्ध २० ऑक्टोबरला पेटलं आणि महिनाभरात संपलं. तेलाची नाकेबंदी जाणवायला कित्येक महिने लागतात, तोवर डोंगरातला निकाल लागलेला असतो, त्यामुळे लडाखचं उत्तर लडाखमध्येच तयार ठेवायला हवं, रस्ते, बोगदे, तोफा, थंडीत टिकणारा दारूगोळा.

मग अंदमान कशाला? नजर ठेवायला, आणि हे काम अजिबात लहान नाही. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक सुमात्रापासून साधारण दीडशे किलोमीटर, मलाक्काकडे जाणारी-येणारी जहाजं मधल्या पट्ट्यातून जातात. तिथे कॅम्पबेल बेला २०१२ पासून नेव्हीचा 'बाझ' हा तळ आहे. मलाक्का ठिकठिकाणी इतकी उथळ आहे की पाणबुडीला सहसा वर येऊनच जावं लागतं. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी थेट कोलंबोच्या बंदरात लागली होती, ती आत शिरतानाच कळणं आणि पुढे नेव्हीच्या पाणबुडी शोधणाऱ्या पी-८आय विमानांनी तिचा माग न सोडणं, याचा उपयोग युद्ध नसतानाही रोज होतो. म्हणून बेटांवर लांब धावपट्ट्या, इंधनसाठा आणि दुरुस्तीची सोय आधी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझगाव डॉकच्या सहा पाणबुड्या या कामाला पुरतील? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. पहिली 'कलवरी' डिसेंबर २०१७ ला आली, सहावी 'वाघशीर' जानेवारी २०२५ ला, आणि बोटी उत्तमच आहेत, पण डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. बॅटरी चार्ज करायला पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते आणि नेमकी तेव्हाच सापडण्याची भीती. शिवाय सहातल्या एक-दोन कायम दुरुस्तीत धरायच्या, एखादी वाटेवर, मग गस्तीला उरतात किती! पुढच्या सहा बोटींचा प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला, तेवढ्या काळात चीनने कितीतरी पाण्यात उतरवल्या.