रिंगमध्ये समोरच्याचा जीव गेला तर जिंकलेल्या बॉक्सरचं काय होतं? आणि हे सगळं माहीत असून चाहत्यांना झोप कशी लागते?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून आत कुठेतरी लागलं, म्हणून आधी त्याचंच सांगतो. काही लढतींनंतर झोप लागत नाही.

मी कॉलेजात असताना तीन वर्षं बॉक्सिंग केलं. जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही. एका स्पर्धेत माझा उजव्या हाताचा हुक समोरच्या मुलाच्या जबड्यावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. पंचांनी आकडे मोजले. आठला तो उठला, पण त्याची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागे कुठेतरी लागली होती. पंचांनी लढत थांबवून माझा हात वर केला, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सगळ्या संघांची झोपायची सोय एकाच शाळेच्या वर्गांत होती. त्या रात्री मी दोनदा उठून त्याच्या गादीपाशी गेलो, श्वास चालू आहे ना ते बघायला. सकाळी तो ओट्यावर बसून पोहे खात होता. मला रडू आवरेना.

माझी ती एकच रात्र होती. रे मॅन्सिनीच्या वाट्याला पुढचं सगळं आयुष्य आलं.

१३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास, सीझर्स पॅलेसचं उघड्यावरचं रिंग. मॅन्सिनी २१ वर्षांचा, डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा लाइटवेट वजनगटातला विजेता. त्याचे वडीलही बॉक्सर होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाल्यामुळे त्यांचं विजेतेपदाचं स्वप्न राहून गेलं होतं आणि ते पुरं करायचं म्हणून मुलगा उतरला होता. समोर दक्षिण कोरियाचा डुक-कू किम. अमेरिकेत त्याला कोणी ओळखत नव्हतं, पण त्याने मॅन्सिनीला तेरा राऊंड झुंजवलं. चौदाव्याच्या सुरुवातीलाच एक उजवा ठोसा बसला आणि किम पडला. दोरांना धरून उठलाही. पंच रिचर्ड ग्रीन यांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात किम बेशुद्ध झाला, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, आणि काही दिवसांत तो गेला.

गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून ती माझ्या डोक्यातून जात नाही. काही महिन्यांत किमच्या आईने आत्महत्या केली. १९८३ च्या जुलैत पंच ग्रीन यांनीही. त्यांच्या मनात काय होतं हे कोण सांगणार? ही लढत त्यांनी वेळेवर थांबवली होती असंच बहुतेक जाणकार म्हणत आले आहेत. मॅन्सिनी पुन्हा लढला, जिंकलाही, पण खेळावरून त्याचं मन उडालं होतं, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. लोक भेटले की विचारत, "किमला मारणारा तूच ना?" त्याने कुठलाही नियम मोडला नव्हता. आदल्या दिवसापर्यंत ज्या कामासाठी त्याचं कौतुक होत होतं, तेच काम त्याने केलं होतं. माझ्या मते या खेळातलं सगळ्यात क्रूर काही असेल तर ते हे. शिक्षा कोणी देत नाही, म्हणून ती भोगून संपतही नाही.

किम गेला तेव्हा त्याची होणारी बायको गरोदर होती. तो मुलगा मोठा झाल्यावर, २०११ मध्ये, आईला घेऊन मॅन्सिनीच्या घरी गेला. तुमचा दोष नव्हता, असं त्याने सांगितलं. जवळजवळ एकोणतीस वर्षांनी.

एक फरक मात्र त्या मृत्यूमुळे पडला. डब्ल्यूबीसी या दुसऱ्या जागतिक संघटनेने विजेतेपदाच्या लढती १५ ऐवजी १२ राऊंडच्या केल्या आणि बाकीच्या संघटनाही पुढच्या काही वर्षांत त्या वाटेने आल्या.

शरीरात काय घडतं तेही सांगतो, कारण हातमोज्यांमुळे डोकं वाचतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. मोजे मुख्यतः मुठीची हाडं वाचवतात. ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं आणि आतला मेंदू मागे रेंगाळतो. मेंदूवरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, फाटतात. मग रक्त हळूहळू साचून मेंदू दाबला जातो. हळूहळू, हेच वाईट. माणूस बोलतो, चालतो, "मी ठीक आहे" म्हणतो, आणि आत घड्याळ सुरू झालेलं असतं.

त्या घड्याळाची किंमत ब्रिटिश बॉक्सर मायकल वॉटसनने मोजली. २१ सप्टेंबर १९९१, लंडन, प्रतिस्पर्धी क्रिस युबँक. अकराव्या राऊंडच्या शेवटी वॉटसनने युबँकला खाली पाडलं. उठल्या उठल्या युबँकने दिलेल्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, सगळं उलटलं. बाराव्यात लढत थांबली. वॉटसन कोसळला तेव्हा लगेच करायला हवेत ते उपचार रिंगजवळ झाले नाहीत. तो चाळीस दिवस कोमात होता. पुढे त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर खटला भरला आणि जिंकला. ब्रिटनमध्ये रिंगपाशी आज जी वैद्यकीय सोय असते, तिच्यामागे वॉटसनचं ते शरीर आहे. २००३ मध्ये तो लंडन मॅरेथॉन चालला. सहा दिवस लागले. शेवटच्या टप्प्यात त्याच्या बाजूने युबँक चालत होता. ते चित्र आठवलं की आजही माझा गळा दाटतो. त्या लढतीनंतर समोरचा डळमळला की युबँक हात आखडता घ्यायचा, असं त्याचे सामने पाहणारे सांगतात.

आता चाहत्यांचं. आम्ही निर्दोष नाही. लढत थांबवा म्हणून प्रशिक्षकाने रिंगमध्ये टॉवेल टाकला की हुर्यो करणारे आम्हीच असतो. मीही "अजून लढू द्या की!" असं टीव्हीसमोर ओरडलोय, कितीतरी वेळा. दोन राऊंडच्या मधल्या विश्रांतीनंतर बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठला नाही तर आपण त्याला कच्चा म्हणतो, आणि हे त्याला माहीत असतं. आपल्याकडे कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो, कोणी त्याला भित्रा म्हणत नाही. इथे मात्र थांबणं म्हणजे लाज.

माझं ओरडणं २०१९ च्या जुलैत बंद झालं. रशियाचा मॅक्सिम दादाशेव मेरीलँडमध्ये लढत होता. अकरावा राऊंड संपल्यावर त्याचे प्रशिक्षक बडी मॅकगर्ट त्याच्यासमोर वाकले आणि लढत थांबवतो म्हणाले. दादाशेवने मान हलवली. मॅकगर्ट अक्षरशः विनवू लागले, "प्लीज, मॅक्स, मला हे करू दे." तो मान हलवतच राहिला. शेवटी ते पंचांकडे वळले आणि थांबवलं. दादाशेव ड्रेसिंग रूमपर्यंतही धड पोहोचला नाही. चार दिवसांनी तो गेला, वय २८, मागे बायको आणि लहान मुलगा. मॅकगर्ट स्वतः विजेते राहिलेले; त्यांनी बरोबर केलं, सगळ्यांच्या आधी केलं, तरी उशीर झाला होता. ती क्लिप मी पुन्हा पुन्हा पाहिली आणि दर वेळी मला वाटत होतं, आता तरी हा हो म्हणेल.

मग अजून का पाहता, असं तुम्ही विचाराल. या खेळाने मला घाबरलेलं असताना उभं राहायला शिकवलं, ते ऋण खरं आहे. ज्यांना हे सोडून दुसरी वाट दिसत नाही अशी पोरं मी तालमीत पाहिली आहेत, तेही खरं. पण यातल्या कशानेही किमच्या आईला उत्तर मिळत नाही आणि मी ते द्यायला जाणार नाही. काही महिने पाहणं सोडलं होतं. परत आलो तो वेगळा पाहायला लागलो. आठव्या राऊंडनंतर माझी नजर ठोशांवर नसते. मधल्या एका मिनिटात मी स्टुलाकडे बघतो: डोळे कुठे लागलेत, प्रशिक्षकाच्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागतोय, पाय सरळ पडतायत का.

गेल्या वर्षी शेजारचा मुलगा माझ्याबरोबर एक लढत पाहत होता. नवव्यात टॉवेल आला. तो चिडून म्हणाला, "काका, एवढ्यात कशाला थांबवलं?" मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याला दादाशेवची ती क्लिप दाखवली. पाहून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "त्याच्या मुलाला हे माहितीये?"